पुलाचं रोजचं सरकणं: तापमान, बेअरिंग आणि प्रसरण-सांधे

मागच्या दोन व्याख्यानांत आपण पुलावर येणाऱ्या भारांबद्दल बोललो. पुलाचं स्वतःचं वजन, वरून जाणारी वाहनं, वारा, भूकंप. आज ज्या गोष्टीबद्दल बोलायचंय तिला वजन नाही, ती दिसत नाही, आणि तरी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस ती पुलाला ढकलते आणि ओढते. ती गोष्ट म्हणजे तापमान.

सुरुवात बैलगाडीपासून करू. ज्यांनी गावाकडे लोहाराला चाकावर धाव चढवताना पाहिलंय त्यांना पुढचं अर्धं व्याख्यान ऐकायची गरज नाही! धाव म्हणजे लाकडी चाकावरचा लोखंडी पट्टा. तो मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा थोडा लहान करतात. मग गोवऱ्यांच्या आगीत तापवतात, की तो फुगून मोठा होतो. सांडशीने उचलून चाकावर बसवायचा आणि लगेच वर पाणी ओतायचं. गार होताना धाव आकसते आणि आरे तुंब्यात अशी काही आवळते की पुढे कित्येक वर्षं ते चाक खिळखिळं होत नाही. ना खिळा, ना डिंक. नुसत्या आकसण्याची ताकद.

लोहाराला जी ताकद हवी असते, तीच आम्हा पूल बांधणाऱ्यांना नको असते. फरक एवढाच.

आता आकडे घेऊ. पोलाद काय आणि काँक्रीट काय, दोन्हीचं प्रसरण जवळपास सारखं आहे. एक अंश सेल्सिअस तापमान वाढलं की एक मीटर लांबी साधारण १२ मायक्रॉनने वाढते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. (हे दोन पदार्थ जवळपास सारखे फुगतात, हे आपलं नशीबच म्हणायचं. नाहीतर काँक्रीटमध्ये सळई घालणं शक्यच झालं नसतं.) म्हणजे शंभर मीटर पूल, एक अंश, १.२ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण पूल एका अंशावर थांबत नाही. मुंबईत समुद्रामुळे हवा बरीच सौम्य असते, पण नागपूरचा विचार करा. डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे पारा १० च्या खाली, मे महिन्यात ४५ च्या वर. त्यात काँक्रीट उन्हात हवेपेक्षाही जास्त तापतं. पुलाच्या सरासरी तापमानात ४० अंशांचा फरक धरा. शंभर मीटरला ४८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पाच सेंटिमीटर. पूल तीनशे मीटर सलग असेल तर हेच चौदा-पंधरा सेंटिमीटर होतं. माझ्या पंजाची रुंदी याहून कमी आहे.

इथे नेहमी एक प्रश्न येतो. पूल एवढा दणकट, त्याला दोन्ही टोकांना घट्ट धरून ठेवलं तर? सरकूच दिलं नाही तर?

करून बघू, कागदावर. पोलादाची तुळई दोन्हीकडे पक्की जखडली आणि तापमान ४० अंशांनी वाढलं, तर तिच्यात दर चौरस मिलिमीटरला सुमारे ९६ न्यूटन इतका ताण येतो. साधं बांधकामाचं पोलाद २५० च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. म्हणजे एकही गाडी पुलावर चढलेली नाही आणि एक तृतीयांशाहून जास्त ताकद उन्हानेच खाऊन टाकली. काँक्रीटचं गणित आणखी वाईट. ३० अंश वाढले तर दर चौरस मीटर छेदामागे सुमारे अकराशे टनांचा रेटा. दोन पदरी पुलाच्या छेदाचं क्षेत्रफळ काही चौरस मीटर असतं, तेव्हा टोकाच्या भिंतीवर किती हजार टन येतील ते तुम्हीच गुणा. आणि हा झाला फुगण्याचा हिशोब. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. जखडलेला पूल थंडीत १५ अंशांनी गार झाला की त्याला तडा गेलाच म्हणून समजा.

या गणितातली एक गंमत सहसा लक्षात येत नाही. या जोरात पुलाची लांबी कुठेच येत नाही. दहा मीटरची मोरी जखडा नाहीतर हजार मीटरचा पूल, दर चौरस मिलिमीटरचा ताण तोच. लांबीने वाढतं ते सरकणं. म्हणून डिझाइन करताना आमच्यापुढे खरा प्रश्न एकच असतो: हे सरकणं होणारच आहे, ते कुठे होऊ द्यायचं?

जुन्या लोकांनी याचं उत्तर फार स्पष्टपणे दिलं होतं. वेल्समध्ये मेनाई सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सनने १८५० साली ब्रिटानिया पूल पुरा केला. लोखंडी पत्र्यांच्या प्रचंड चौकोनी नळ्या, आणि आगगाडी नळीच्या आतून जायची. नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग, चारशे मीटरहून लांब. ती मधल्या मनोऱ्यावर पक्की बसवली आणि बाकी सगळीकडे रोळांवर ठेवली. मध्ये पक्की, दोन्हीकडे मोकळी. म्हणजे एकूण वाढ दोन्ही टोकांना निम्मी निम्मी वाटली गेली. आजही लांब पुलात पक्कं बेअरिंग शक्य तितकं मध्यावर ठेवायचा प्रयत्न असतो, त्याचं कारण हेच.

बेअरिंग म्हणजे काय, तर खांबाचा माथा आणि वरचा गाळा यांच्या मध्ये बसवलेली वस्तू. तिने वजन खाली द्यायचं आणि गाळ्याला सरकू द्यायचं. जुन्या रेल्वे पुलांवर तुम्हाला पोलादी रोळ दिसतील. रस्त्यांच्या पुलांवर आता बहुतेक ठिकाणी रबराची चौकोनी गादी असते, आत पोलादाच्या पातळ पट्ट्यांचे थर असतात. ही गादी वरून दाबली तर फारशी दबत नाही, पण आडवी ढकलली तर पत्त्यांची गड्डी तिरकी व्हावी तशी तिरकी होते. मोठ्या पुलांना पॉट बेअरिंग लावतात. त्यात टेफ्लॉनचा थर असतो आणि त्यावर स्टेनलेस स्टीलची पाटी घसरते. नॉनस्टिक तव्यावर डोसा सरकतो, तत्त्व तेच.

आता ही वस्तू सरकायची थांबली तर काय होतं? यासाठी लंडनला जाऊ.

थेम्स नदीवर हॅमरस्मिथ नावाचा एक झुलता पूल आहे. जोसेफ बॅझलजेटने आखलेला, १८८७ मध्ये खुला झालेला, हिरव्या रंगाचा, देखणा. पोलादी दुव्यांच्या साखळ्या मनोऱ्यांवरून येतात आणि किनाऱ्याजवळ बिडाच्या चौथऱ्यांवरून वळून जमिनीत जातात. बीड म्हणजे ओतीव लोखंड. दाबाला उत्तम, पण वाकत नाही, तडकतं. साखळी उन्हाने लांबणार, थंडीत आखूड होणार, हे बॅझलजेटला चांगलं ठाऊक होतं. म्हणून साखळी जिथे चौथऱ्यावर टेकते तिथे रोळांचं बेअरिंग दिलेलं. साखळी पुढे-मागे होईल, चौथरा स्थिर राहील.

काळ गेला आणि ते रोळ गंजून जाम झाले. आता साखळी सरकली की चौथऱ्यालाच ओढायला लागली. बिडात बारीक तडे सापडले तेव्हा २०१९ च्या एप्रिलमध्ये पूल मोटारींसाठी बंद करावा लागला. २०२० च्या ऑगस्टमध्ये उन्हाची लाट आली, तडे वाढले, आणि चालणाऱ्यांनाही बंदी झाली. एवढंच नाही, पुलाखालून होड्यांनाही जाऊ देईनात. लक्षात घ्या, पुलावर तेव्हा वाहनं नव्हतीच. रिकामा पूल, निव्वळ ऊन.

२०२१ मध्ये चालणाऱ्यांना आणि सायकलींना परत मोकळीक मिळाली, पण तापमान काबूत ठेवायची यंत्रणा बसवून. २०२२ च्या जुलैमध्ये लंडनमध्ये विक्रमी उन्हाळा झाला, तेव्हा साखळ्यांना चक्क चंदेरी फॉइल गुंडाळलं होतं. डब्यातल्या पोळ्यांना गुंडाळतो तसं! लोक हसले, फोटो निघाले. आमच्या क्षेत्रातल्या कोणाला हसू आलं नसावं. एक बेअरिंग सरकायचं थांबलं म्हणून अख्ख्या पुलाला गार ठेवायची पाळी आली होती. पुढच्या दुरुस्तीत बिडाच्या चौथऱ्यांत काँक्रीट भरलं आणि जाम रोळांच्या जागी रबराची बेअरिंग बसवली.

बेअरिंग खाली लपलेलं असतं. आपल्याला जे जाणवतं ते वर, रस्त्याच्या पातळीवर. उड्डाणपुलावरून जाताना ठरावीक अंतराने गाडीच्या चाकाखाली 'धडक्-धडक्' होतं ना, तो प्रसरण-सांधा, आपल्या रोजच्या भाषेत एक्सपान्शन जॉईंट. गाळा खाली सरकतोय, तर वर दोन गाळ्यांमध्ये फट हवीच. पण फट उघडी ठेवली तर दुचाकीचं चाक अडकेल. मग त्या फटीवर काय घालायचं, यातून सांध्यांचे सगळे प्रकार निघाले. सरकणं अगदी थोडं असेल तर रबरमिश्रित डांबराचा लवचीक पट्टा चालतो. ऐंशी मिलिमीटरपर्यंत असेल तर स्ट्रिप सील, म्हणजे दोन्ही कडांना पोलादी पट्ट्या आणि त्यांत अडकवलेली रबराची घडी. त्याहून जास्त असेल तर अशा अनेक पट्ट्या शेजारी शेजारी लावतात, हार्मोनियमच्या भात्यासारख्या. त्याला मॉड्युलर सांधा म्हणतात. कंगव्याचे दात एकमेकांत घालावेत तसाही एक सांधा असतो, लांब पोलादी पुलांवर तो दिसतो.

सांधा बसवायचा दिवस हा स्वतंत्र विषय आहे. फट किती ठेवायची हे त्या क्षणी पूल किती गरम आहे यावर ठरतं. मे महिन्यात दुपारी चार वाजता पूल आधीच फुगलेला असतो, तेव्हा फट लहान ठेवायची. जानेवारीच्या पहाटे बसवत असाल तर मोठी. हे उलटं झालं तर पहिल्याच उन्हाळ्यात दोन गाळे एकमेकांना भिडतात किंवा पहिल्याच थंडीत रबर ताणून निसटतं. शिवाय हवेचं तापमान म्हणजे पुलाचं तापमान नव्हे. जाड काँक्रीट सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, पूल सर्वांत लांब होतो तो बहुधा संध्याकाळकडे. आणखी एक बारीक गोष्ट. सांध्याच्या दोन कडा कारखान्यातून येताना पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. बाजूचं काँक्रीट जरा धरलं की ते बंध लगेच तोडायचे असतात. राहिले, तर रात्री पूल आकसतो आणि ओल्या काँक्रीटमधून कडा उपटून काढतो. सकाळी गेलं की बारीक भेगा दिसतात, आणि मग ठेकेदार म्हणतो सिमेंट खराब होतं.

काँक्रीटच्या बाबतीत हेही लक्षात ठेवावं लागतं की ते उन्हाशिवायही, आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत, वाळत वाळत आखूड होतं. शंभर मीटरला दोन-तीन सेंटिमीटर सहज. ऊन गेलं की लांबी परत येते, ही लांबी परत येत नाही. म्हणून फटीचा हिशोब नुसत्या तापमानावर करून चालत नाही.

आणि पूल सगळीकडून सारखा तापतो असंही नाही. वरची बाजू उन्हात, खालची सावलीत. वरचा थर फुगतो, खालचा तसाच राहतो, पूल मध्ये वर उचलल्यासारखा वाकू पाहतो. सलग गाळ्यांचा पूल असेल तर मधले खांब त्याला असं वाकू देत नाहीत, आणि तळाशी ताण येतो. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड शहरात १९६६ चा न्यूमार्केट व्हायाडक्ट याच कारणाने तडकला. त्याच्या डिझाइनमध्ये हा वर-खालचा फरक नीट धरलेला नव्हता. त्यानंतर तिकडे यावर बराच अभ्यास झाला. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांतही आज काँक्रीट पुलासाठी वरच्या पृष्ठभागाला सुमारे १८ अंशांचा फरक धरायला सांगितलेलं आहे.

आता सांध्याच्या दुखऱ्या बाजूकडे येऊ. फट म्हणजे पाण्याची वाट. रबर कितीही चांगलं असलं तरी काही वर्षांनी फाटतं, निसटतं, त्यात खडी बसते. मग पावसाचं सगळं पाणी, रस्त्यावरची धूळ, तेल, हे नेमकं कुठे पडतं? बरोबर सांध्याच्या खाली, म्हणजे गाळ्याच्या टोकावर, खांबाच्या माथ्यावर आणि बेअरिंगवर. पुलाच्या सगळ्यांत नाजूक जागी. इंग्लंडमध्ये १९८९ साली दोनशे काँक्रीट पुलांच्या पाहणीचा एक अहवाल निघाला. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात. गळके सांधे आणि त्यांतून झिरपलेलं खारं पाणी, हे नुकसानीचं मोठं कारण ठरलं. आपल्याकडे मीठ टाकावं लागत नाही, किनाऱ्यावर ते हवेतूनच येतं.

याचं सर्वांत वाईट उदाहरण अमेरिकेतलं. कनेटिकट राज्यात मियानस नदीवरचा महामार्गाचा पूल. त्यात मधला गाळा शेजारच्या गाळ्यांच्या टोकांना लटकवलेला होता. जाड पोलादी खिळा, त्यात पट्टी, खाली दुसरा खिळा. पाळण्याच्या कड्या असतात तशी रचना. हेतू हाच की गाळ्याला पुढे-मागे हलता यावं. पुलाला पाणी निघून जाण्यासाठी मोऱ्या होत्या. पडझडीच्या सुमारे दहा वर्षं आधी रस्त्याचं नवीन डांबरीकरण करताना त्या मोऱ्या झाकल्या गेल्या. पाण्याला जायला एकच वाट उरली, सांधा. खाली खिळे-पट्ट्या गंजायला लागल्या. गंज जागा खातो. लोखंडापेक्षा त्याचा गंज कितीतरी पट जागा घेतो. त्या गंजाने पट्टीला मिलिमीटर-मिलिमीटर करत खिळ्याच्या टोकाकडे ढकललं. २८ जून १९८३ च्या पहाटे, उजाडायच्या आत, सुमारे तीस मीटर लांबीचा गाळा नदीत पडला. अंधारात येणाऱ्या गाड्या त्या खड्ड्यात गेल्या. तीन माणसं गेली.

हलण्यासाठी दिलेली जागाच कुजली. आणि ती कुजली वर टाकलेल्या डांबरामुळे. आम्ही विद्यार्थ्यांना हे प्रकरण दर वर्षी सांगतो, कारण यात गणित कुठेच चुकलेलं नव्हतं.

या अनुभवातून दुसरा विचार पुढे आला: सांधाच नको. पुलाचा गाळा आणि टोकाच्या भिंती एकसंध ओतायच्या. याला इंटिग्रल पूल म्हणतात. पण आत्ताच तर आपण म्हटलं की जखडलं तर हजारो टन येतील! इथेच मेख आहे. जखडायचं नाहीच. खांब आणि टोकाच्या भिंती मुद्दाम सडपातळ, लवचीक ठेवायच्या, म्हणजे पूल फुगला की त्या वाकतील आणि मागची माती दबेल. सरकणं नाहीसं झालेलं नाही, ते सांध्यातून निघून मातीत गेलं. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात मार्गदर्शक सूचना आल्या की साठ मीटरपर्यंतचे आणि फार तिरपे नसलेले पूल असेच बांधावेत. अमेरिकेत टेनेसी राज्याने तर साडेतीनशे मीटरच्या आसपास लांबीचा काँक्रीट पूल सांध्याशिवाय बांधला आहे. त्रास यातही आहे. भिंत उन्हाळ्यात माती दाबते, हिवाळ्यात मागे येते, मोकळ्या जागेत माती ढासळते, पुढच्या उन्हाळ्यात परत दाबली जाते. दर वर्षी माती थोडी जास्त घट्ट, दाब थोडा जास्त. आणि रस्ता जिथे पुलाला मिळतो तिथे खळगा पडतो. तो बुजवता येतो, गंजलेलं बेअरिंग बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त. आमचं मत विचाराल तर लहान आणि मध्यम पुलांना हाच मार्ग बरा. समुद्रावरच्या लांब पुलांना मात्र सांधे लागणारच.

इथे थांबतो. दोन प्रश्न आलेले आहेत, ते घेऊ.

पहिला प्रश्न: मग रेल्वेचे रूळ किलोमीटरच्या किलोमीटर सलग जोडलेले असतात, ते कसे चालतात?

छान प्रश्न. तिथे खरोखरच जखडलेलं असतं. स्लीपर आणि खडी मिळून रुळाला धरून ठेवतात, त्यामुळे मधला भाग लांब होतच नाही, त्यात नुसता जोर साठतो. नेहमीच्या जड रुळात एका अंशाला साधारण पावणेदोन टन. तीस अंश वाढले की एका रुळात पन्नास टनांच्या पुढे. खडी कमी पडली तर तो रूळ उन्हाळ्यात बाजूला सापासारखा वळतो, म्हणून उन्हाच्या दिवसांत गँगमन गस्त घालतात. रूळ बारीक आहे म्हणून हे जमतं. पुलाच्या गाळ्याचा छेद त्याच्या शेकडो पट मोठा, त्याला धरून ठेवणारी खडी कुठून आणणार?

दुसरा प्रश्न: आमच्याकडच्या उड्डाणपुलावर रस्ता नवीन केला तेव्हा सांध्यांवरूनही डांबर टाकलं. आता धक्का बसत नाही, गाडी छान जाते. यात चूक काय?

पहिल्या उन्हाळ्यात काही दिसणार नाही. पहिल्या थंडीत सांध्याच्या बरोबर वर एक सरळ भेग दिसेल, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिच्यातून पावसाळ्यात पाणी उतरेल. तुम्ही एक करा. पावसाळा संपला की पुलाखाली जाऊन त्या खांबाचा माथा बघा. काळपट ओघळ असतील, कदाचित पिंपळाचं रोपही दिसेल. रोप दिसलं, तर समजा तिथे माती साचलीय, आणि माती साचलीय म्हणजे बेअरिंग त्या मातीत बसलंय. फोटो काढा, खांबाचा क्रमांक लिहा, आणि ज्या खात्याकडे पूल आहे त्यांना लेखी कळवा.